दोन हजार विजय आणि न मिळालेला एक करंडक

19 जून 2019 रोजी अमेरिकेतील ओमाहा शहरात टेक्सास टेकने फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघाला 4-1 असे हरवले आणि माइक मार्टिन यांची कारकीर्द संपली. तेव्हा ते 75 वर्षांचे होते. एकाच विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी सलग 40 हंगाम काढले आणि 2,029 सामने जिंकले. महाविद्यालयीन बेसबॉलच्या सर्वोच्च विभागात इतके विजय तोवर कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर नव्हते. त्या 40 पैकी प्रत्येक हंगामात त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरला आणि प्रत्येक हंगामात त्याने किमान 40 सामने जिंकले. राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी ओमाहात होते. तिथे मार्टिन 17 वेळा संघ घेऊन गेले. विजेतेपद मात्र एकदाही मिळाले नाही.

त्यांच्यावर लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक लेखात हे शेवटचे वाक्य येते आणि बहुतेक वेळा ते ‘पण’ने सुरू होते. एखाद्या माणसाची चाळीस वर्षे एका ‘पण’च्या पुढे-मागे मांडणे कितपत योग्य, हा प्रश्न बेसबॉलपुरता नाही. मात्र त्याचे उत्तर बेसबॉलमध्येच शोधले पाहिजे, कारण महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे काम नेमके काय असते हे कळल्याशिवाय त्याचे मूल्यमापन करता येत नाही.

आपल्याकडे क्रिकेटपटू घडतो तो शालेय स्पर्धा, क्लब आणि राज्य संघटना या वाटेने. विद्यापीठाचा संघ त्या वाटेवरचा एक थांबा असतो, आणि आता तोही पूर्वीइतका महत्त्वाचा राहिलेला नाही. अमेरिकेत तसे नाही. तिथे विद्यापीठाचा संघ ही स्वतंत्र, मोठी संस्था असते. तिला स्वतःचे स्टेडियम, तिकीट काढून येणारा प्रेक्षक आणि पगारी प्रशिक्षकवर्ग असतो. बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो. प्रत्येक संघ नियमित हंगामात 56 पर्यंत सामने खेळतो. बहुतेक आठवड्यांत शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी तीन सामन्यांची मालिका, शिवाय मध्ये एखादा मंगळवार किंवा बुधवार. खेळणारी मुले 18 ते 22 वर्षांची, आणि त्यांना वर्गात बसून परीक्षाही द्यायच्या असतात.

या प्रशिक्षकाची पहिली अडचण पैशाची. 2025 पर्यंतच्या नियमानुसार एका बेसबॉल संघाला जास्तीत जास्त 11.7 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत असत. मार्टिन यांच्या अखेरच्या वर्षांत संघात मुले 35 पर्यंत. म्हणजे प्रशिक्षकाला या साडेअकरा-बारा शिष्यवृत्त्यांचे तुकडे करून ते जास्तीत जास्त 27 मुलांमध्ये वाटावे लागत. कोणाला निम्मी, कोणाला पाव, आणि उरलेल्यांना काहीच नाही. अमेरिकन विद्यापीठाचे शुल्क पाहता पाव शिष्यवृत्तीवर येणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांची समजूत घालणे सोपे नाही. तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये तेव्हा 85 खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती मिळत असे. बेसबॉलचा प्रशिक्षक हे आकडे डोळ्यांसमोर ठेवूनच पालकांच्या बैठकीच्या खोलीत शिरत असे.

दुसरी अडचण व्यावसायिक लीगची. मेजर लीगचे संघ दरवर्षी ड्राफ्टमधून खेळाडू निवडतात. शाळा संपलेला मुलगा थेट निवडला जाऊ शकतो. तो चार वर्षांच्या महाविद्यालयात गेला, तर तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची 21 वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला निवडता येत नाही. त्यामुळे प्रशिक्षकाने दोन वर्षे मागे लागून पटवलेला उत्तम मुलगा प्रवेशाच्या तोंडावर व्यावसायिक करारावर सही करून निघून जाऊ शकतो. आला तर तीन वर्षे राहतो, आणि ऐन बहरात आला की जातो. दर तीन वर्षांनी संघ जवळपास नव्याने उभा करावा लागतो. मार्टिन यांनी चाळीस वर्षांत सलग चाळीस वेळा पात्रता मिळवली याचा अर्थ त्यांनी बारा-तेरा वेगवेगळे संघ बांधले आणि त्यातला एकही वाया जाऊ दिला नाही. आमच्या मते त्यांच्या नोंदींतला सर्वांत मोठा आकडा 2,029 नसून हा, 40 पैकी 40 आहे. एखादी चांगली पिढी हाताशी असताना जिंकणारे अनेक असतात. पिढ्या सतत हातातून निसटत असताना दर्जा न घसरू देणे फार थोड्यांना जमते.

मार्टिन यांचा स्वतःचा प्रवास साधा होता. जन्म 1944 चा, नॉर्थ कॅरोलिनातील शार्लटचा. विंगेट या कनिष्ठ महाविद्यालयातून ते टॅलहसीच्या फ्लोरिडा स्टेटमध्ये आले आणि 1965 मध्ये खेळाडू म्हणून ओमाहाला गेले. पुढे मायनर लीगमध्ये काही काळ खेळले. मेजर लीगचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. मग टॅलहसीतल्याच कम्युनिटी कॉलेजात ते प्रशिक्षक झाले, तेही बास्केटबॉलचे. 1975 पासून ते फ्लोरिडा स्टेटच्या बेसबॉल संघाचे साहाय्यक होते. रमाकांत आचरेकर सर स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले होते, हे मराठी वाचकाला आठवेल. मोठ्या खेळाडूच्या हातून मोठा शिष्य घडतोच असे नाही. बहुधा ज्याला स्वतःला पुढे जाता आले नाही, त्याला वाटेतले खड्डे अधिक नीट माहीत असतात.

मुख्य प्रशिक्षकाचे पद त्यांच्याकडे आले ते डिक हाउसर यांच्यामुळे. हाउसर हे याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. मेजर लीगमध्ये खेळून, मग न्यूयॉर्क यांकीजचे प्रशिक्षक म्हणून अनेक वर्षे काढून ते 1979 मध्ये टॅलहसीला मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. एकच हंगाम राहिले. पुढच्याच वर्षी यांकीजने त्यांना व्यवस्थापक म्हणून, म्हणजे मेजर लीगच्या भाषेत मुख्य प्रशिक्षक म्हणून, बोलावून घेतले. त्या मोसमात त्यांनी 103 सामने जिंकले, तरी प्ले-ऑफमधील पराभवानंतर त्यांना जावे लागले. पुढे 1985 मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सला त्यांनी वर्ल्ड सिरीज (मेजर लीगचे विजेतेपद) जिंकून दिली आणि 1987 मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. टॅलहसीचे स्टेडियम त्यांच्या नावाने आहे आणि त्यातले मैदान मार्टिन यांच्या नावाने. एक जण तिथून मोठ्या लीगमध्ये गेला, दुसरा 1980 मध्ये त्याच्या जागी बसला आणि 2019 पर्यंत हलला नाही.

त्यांच्या संघाची एक ओळख होती: घाई न करणे. बेसबॉलमध्ये पिचरने ठरावीक पट्ट्याबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर फलंदाजाला पहिल्या बेसवर चालत जाता येते. याला वॉक म्हणतात. फ्लोरिडा स्टेटचे फलंदाज वॉक मिळवण्यात देशात आघाडीवर असत. 19 वर्षांच्या, उंचापुऱ्या, घरच्या गावी होमरन मारून मोठ्या झालेल्या मुलाला हा चेंडू सोड, असे सांगणे आणि ते त्याच्या अंगात मुरवणे, हे शिकवण्यातले सर्वांत अवघड काम आहे. यात त्या मुलाचे नाव होत नाही. धावफलकावर फटका दिसतो, सोडलेला चेंडू दिसत नाही.

बस्टर पोझीचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. जॉर्जिया राज्यातून आलेला हा मुलगा 2006 मध्ये पहिल्याच वर्षी शॉर्टस्टॉप म्हणून खेळला, आणि उत्तम खेळला. शॉर्टस्टॉप ही क्षेत्ररक्षणातली सर्वांत दिमाखाची जागा. चांगल्या शॉर्टस्टॉपला तिथून कोणी हलवत नाही. तरीही पुढच्या वर्षी त्याला कॅचर करण्यात आले. ही कल्पना संघाचे साहाय्यक आणि मार्टिन यांचे चिरंजीव माइक मार्टिन ज्युनियर यांची. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसणारा, अंगभर संरक्षक साज चढवलेला माणूस. प्रत्येक चेंडू त्याच्या हातात येतो, कोणता चेंडू टाकायचा याची खूण तो करतो, आणि गुडघ्यांची वाट लागते ती वेगळीच. एका यशस्वी तरुणाने आपली यशस्वी जागा सोडून हे स्वीकारायचे तर सांगणाऱ्यावर पुरता विश्वास लागतो. 2008 च्या हंगामात पोझीने .463 च्या सरासरीने फलंदाजी केली, 26 होमरन मारले आणि महाविद्यालयीन खेळातील सर्वोच्च मानला जाणारा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार मिळवला. त्याच वर्षी 12 मे रोजी सव्हाना स्टेटविरुद्धच्या सामन्यात तो एकामागून एक अशा नऊच्या नऊ जागांवर खेळला, पिचरच्या जागीसुद्धा. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडले. कॅचर म्हणूनच त्याने 2010, 2012 आणि 2014 अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. तो शॉर्टस्टॉपच राहिला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण एका महाविद्यालयाच्या मैदानावर घेतलेल्या निर्णयातून जायंट्सच्या त्या दशकाचा कणा घडला, एवढे नक्की.

आता ओमाहाकडे वळू. 1950 पासून महाविद्यालयीन बेसबॉलची अंतिम स्पर्धा याच शहरात होते आणि तिला कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणतात. 1999 पासून राष्ट्रीय स्पर्धेत 64 संघ असतात. आधी चार-चार संघांचे 16 गट, मग त्यांच्या विजेत्यांच्या आठ जोड्या, आणि शेवटी आठ संघ ओमाहाला. तिथे दोन सामने हरले की घरी. चार महिने रोज घासून मिळवलेला दर्जा इथे दहा-बारा दिवसांत, दोन-तीन पिचरच्या खांद्यांवर तोलला जातो. बेसबॉल हा खेळच असा आहे की उत्तम संघही तीनातला एक सामना हरतो. मार्टिन यांचे एकूण यश 73 टक्क्यांच्या आसपास होते आणि ते असामान्य मानले जाते. अशा खेळात छोट्या स्पर्धेचा निकाल कौशल्याबरोबरच योगायोगावरही अवलंबून असतो. 1986 मध्ये अंतिम सामन्यात ॲरिझोनाने त्यांना 10-2 असे सरळ हरवले. त्यात नशिबाला दोष देण्यासारखे काही नव्हते. 1999 मध्ये मायामीविरुद्धचा अंतिम सामना 6-5 असा एका धावेने गेला. त्या एका धावेवर चाळीस वर्षांचा निवाडा करायचा का?

टीकाकारांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. 17 वेळा ओमाहाला जाऊन एकदाही न जिंकणे हे केवळ योगायोगाने होत नाही, असे ते म्हणत, आणि त्यात तथ्य आहे. दुबळ्या पिचरपुढे संयम धावा देतो. ओमाहात मात्र प्रत्येक संघाचा उत्तम पिचर समोर येतो, तो पट्ट्याबाहेर फारसे टाकत नाही, आणि तिथे वाट पाहणारा फलंदाज अडकतो. 2019 च्या त्या शेवटच्या ओमाहात फ्लोरिडा स्टेटने आर्कान्सासला 1-0 असे हरवले, मिशिगनकडून 2-0 ने पराभव पत्करला आणि टेक्सास टेकपुढे एकच धाव केली. तीन सामन्यांत मिळून दोन धावा. मार्टिन यांच्या पद्धतीला मर्यादा होत्या, हे मान्य करायला हरकत नाही. ऑगी गॅरिडो यांनी कॅलिफोर्निया स्टेट फुलर्टन आणि टेक्सास या दोन विद्यापीठांना मिळून पाच विजेतेपदे जिंकून दिली. 1,975 विजयांचा त्यांचा विक्रम मार्टिन यांनी मे 2018 मध्ये मोडला, तेव्हा गॅरिडो यांना जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याआधीच्या काळात सदर्न कॅलिफोर्नियाचे रॉड डेडो यांनी तर 11 विजेतेपदे मिळवली, त्यातली पाच 1970 ते 1974 अशी ओळीने. स्वतःचा मालवाहतुकीचा व्यवसाय असलेले डेडो विद्यापीठाकडून वर्षाला नाममात्र एक डॉलर घेत. करंडक हे मोजमाप खोटे नाही. ते एकमेव मोजमाप आहे, हे मात्र खोटे आहे.

शेवटच्या दोन वर्षांचा क्रम पाहिला तर हे अधिक कळते. 2018 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतले गटसामने टॅलहसीतच, घरच्या मैदानावर होते. सॅमफर्डकडून पहिला सामना एका धावेने गेला. दुसऱ्यात मिसिसिपी स्टेटविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये 2-0 अशी आघाडी असताना समोरच्याने तीन धावांचा होमरन मारला आणि या दुसऱ्या पराभवाबरोबर सगळे संपले. पुढचा हंगाम आपला शेवटचा, असे त्यानंतर मार्टिन यांनी जाहीर केले. तो हंगामही अडखळतच गेला. राष्ट्रीय स्पर्धेत संघाची निवड होते की नाही इथपर्यंत वेळ आली, अगदी शेवटच्या काही जागांमध्ये तो कसाबसा बसला. मग याच संघाने जॉर्जियाला त्यांच्या मैदानावर, आणि पाठोपाठ लुइझियाना स्टेटला बॅटन रूजच्या गर्दीसमोर जादा इनिंग खेळून हरवले व 75 वर्षांच्या प्रशिक्षकाला सतराव्यांदा ओमाहाला नेले. मुलांनी हे कशासाठी केले हे वेगळे सांगायला नको. करंडकांच्या यादीत या दोन आठवड्यांना जागा नाही.

कारकीर्द संपतानाचा एक निर्णय आम्हाला पटलेला नाही. विद्यापीठाने मार्टिन यांच्या जागी त्यांच्याच मुलाला, माइक मार्टिन ज्युनियर यांना नेमले. पोझीला कॅचर करणारा हा माणूस अपात्र नव्हता. दोन दशकांहून अधिक काळ तो साहाय्यक होता. पण चाळीस वर्षांच्या वडिलांच्या नोंदींशी रोज तुलना होणार हे ठाऊक असताना त्याला पुरेसा वेळ द्यायला हवा होता. पहिला हंगाम कोविडमुळे मार्चमध्येच बंद पडला. पुढच्या दोन्ही हंगामांत संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला, तरी 2022 मध्ये त्याला काढण्यात आले. वडिलांना ओमाहातल्या सतरा अपयशांनंतरही विश्वास मिळाला आणि मुलाला तीन वर्षांत, त्यातल्या एका अर्धवट हंगामासह, निरोप मिळाला. संस्थांचा धीर किती आटला आहे याची ही खूण आहे.

धीर आटण्याची कारणे व्यवस्थेतच आहेत. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेता येतो आणि एका विद्यापीठातून दुसरीकडे जाऊन लगेच खेळता येते. 2025 मध्ये शिष्यवृत्तीची 11.7 ची मर्यादा उठली आणि त्याऐवजी नव्या व्यवस्थेत आलेल्या विद्यापीठांना संघाची कमाल संख्या 34 ठरली. मुलांच्या दृष्टीने यातले बरेच बदल न्याय्य आहेत. त्यांच्या घामावर इतरांनी मिळवायचे आणि त्यांनी पाव शिष्यवृत्तीवर राहायचे, हे फार काळ चालले. आणखी एक अन्याय असाच चालू होता. प्रत्येक संघात एक ‘स्वयंसेवक’ साहाय्यक प्रशिक्षक असे. काम पूर्णवेळ, विद्यापीठाचा पगार शून्य. शिबिरे घेऊन, कोणाच्या घरी राहून तरुण प्रशिक्षक या दारातून व्यवसायात शिरत. ज्यांच्या घरी दोन-चार वर्षे बिनपगारी काढण्याची ऐपत नव्हती, त्यांच्यासाठी ते दार बंदच होते. जुलै 2023 मध्ये ही जागा पगारी करण्यात आली. फार उशिरा झालेली ही दुरुस्ती आहे. मात्र या सगळ्या बदलांची दुसरी बाजू अशी की, प्रशिक्षकाला आता दर उन्हाळ्यात अर्धा संघ बाहेरून आणता येतो, म्हणून त्याच्याकडून निकालही दर उन्हाळ्यात मागितला जातो. शॉर्टस्टॉपला कॅचर होण्यासाठी एक वर्ष देणारा प्रशिक्षक या गणितात बसत नाही, आणि वर्षभर थांबायला तयार असलेला मुलगाही.

आपल्या विद्यापीठांसाठी यात विचार करण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक हे पद असते, आणि सगळ्या खेळांचे संघ, प्रवेश, मैदान आणि कागदपत्रे त्या एका माणसाच्या माथी असतात. एका खेळासाठी एक पूर्णवेळ, पगारी, टिकाऊ प्रशिक्षक ही कल्पनाच आपल्याकडे रुजली नाही. अमेरिकेचा पैसा आपल्याकडे नाही, हे खरे. पण टॅलहसीत चाळीस वर्षे जे झाले ते फक्त पैशाने झाले नाही. शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा तर सर्वच संघांना सारखी होती. तिथे एका माणसाला एकाच जागी राहू दिले गेले.

मार्टिन यांचे निधन 1 फेब्रुवारी 2024 रोजी, 79 व्या वर्षी झाले. अखेरच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते. त्याच वर्षी जूनमध्ये फ्लोरिडा स्टेट पुन्हा ओमाहात होते. या वेळी प्रशिक्षक होते लिंक जॅरेट, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मार्टिन यांच्या संघात शॉर्टस्टॉप खेळलेले. त्यांचा पहिला हंगाम, 2023 चा, इतका वाईट गेला होता की विद्यापीठाची राष्ट्रीय स्पर्धेतली अनेक दशकांची मालिका तुटली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी संघ ओमाहाला नेला. तिथे त्यांना टोनी व्हिटेलो यांच्या टेनेसीने बाहेर काढले आणि पुढे तोच संघ विजेता ठरला.

ऑक्टोबर 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने आपल्या व्यवस्थापकपदी याच व्हिटेलो यांची नेमणूक केली. व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून एक दिवसही न काढलेला माणूस महाविद्यालयातून थेट मेजर लीगचा व्यवस्थापक झाल्याचे याआधी कधी घडले नव्हते. 1876 पासून चालत आलेल्या त्या लीगला हा विश्वास दाखवायला जवळपास दीडशे वर्षे लागली. नेमणूक करणारे जायंट्सच्या बेसबॉल विभागाचे अध्यक्ष होते बस्टर पोझी.